दोन स्लॉटमधलं अंतर

चंदीगडला धुकं परत आलं आहे. सकाळी खिडकी उघडली तर समोरचं जांभळाचं झाड नव्हतं, पलीकडचा रस्ता नव्हता. कुठून तरी भाजीवाल्याचा आवाज येत होता, "मटर लै लो, गाजर लै लो", पण तो डावीकडून येतोय की उजवीकडून, तेही कळत नव्हतं. अशा दिवसांत डोळ्यांचा उपयोग नसतो, माणूस कानांवर चालतो. मला या ऋतूत आता कानांचीच भीती वाटते.

मागच्या हिवाळ्यात मी मदरबोर्ड निवडत होतो. हे वाक्य लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतं. एखाद्याने मुलीसाठी स्थळ बघितलं, घर बांधलं, आजारपण काढलं, तर त्या ऋतूला काही नाव असतं. माझा अख्खा हिवाळा एका हिरव्या-काळ्या पट्टीवर गेला, जिच्यावर कॉम्प्युटरचे बाकीचे भाग बसवतात. आणि तो गेला तेव्हा आई घरात होती.

मी मोहालीतल्या एका कंपनीत काम करतो. पन्नाशी ओलांडली आहे. त्या वर्षी आमच्या मजल्यावर नवी मुलं आली होती. दुपारच्या जेवणाला ती ज्या भाषेत बोलायची तिच्यातलं अर्धं मला कळायचं नाही. कुणी घरी कुठलं एआय मॉडेल शिकवतंय, कुणाचं यंत्र रात्रभर चालतंय. मी डब्यातली पोळी चावत हसायचो. एकदा त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, आप तो पुराने ज़माने के आदमी हो, मज़े में हो." तो प्रेमानेच म्हणाला. पण घरी येताना गाडीत मला घाम फुटला होता, आणि तेव्हा काच बंद करावी लागेल एवढी थंडी होती. मुलगी बारावीला, आई माझ्याकडे, आणि या वयात मला दुसरं कोण ठेवून घेणार? मी ठरवलं की घरीच यंत्र बांधायचं. चार ग्राफिक्स कार्डं एकत्र जोडायची, म्हणजे मोठी गणितं करता येतील, म्हणजे शिकता येईल, म्हणजे नोकरी राहील. भीती अशी पायरीपायरीने बोलते तेव्हा ती शहाणपणासारखी ऐकू येते.

कार्डं मिळाली पिंजौरला. तिथे एका माणसाने घरामागच्या शेडमध्ये डिजिटल नाणी काढायचा धंदा केला होता आणि तो बुडाला होता. रविवार होता. आई म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, चल, येताना तुला तिथली बाग दाखवतो. आई वेंगुर्ल्याकडची. इथे आल्यापासून तिला झाडं ओळखीची वाटत नव्हती. "सगळी झाडां रांगेत उभी, शाळेतल्या पोरांसारखी," असं ती चंदीगडबद्दल म्हणायची. बागेचं नाव काढल्यावर तिने पेटीतली चांगली साडी काढली.

शेडमध्ये मी एकेक कार्ड लावून बघत होतो. तो माणूस म्हणत होता, "गर्मी बहुत देते हैं जी, सर्दियों में हीटर की छुट्टी." आई बाहेर गाडीत बसली होती. निघालो तेव्हा कालका रस्त्यावर धुकं उतरायला लागलं होतं. कार्डांचे खोके मागच्या सीटवर तिच्या शेजारी ठेवले.

"फुलां बघूक जावया म्हणालेलंस मां?" तिने विचारलं.

"आई, धुकं बघ ना किती. पुढच्या रविवारी पक्का."

आरशात मला दिसत होतं, रस्त्यावर उंचवटा आला की ती दोन्ही हात त्या खोक्यांवर ठेवायची, जसं एसटीत मांडीवरच्या लहान पोराला धरतात. थेट घरापर्यंत तिने ते धरून आणले. पुढचा रविवार त्या हिवाळ्यात आला नाही.

कार्डं आधी घेतली आणि बोर्ड नंतर शोधायला लागलो, ही माझी चूक. बाजारातल्या दुकानदाराला सांगितलं तर तो खळखळून हसला. "सर जी, कोठी बना ली, अब प्लॉट ढूँढ रहे हो?" त्याचं बरोबर होतं. साध्या बोर्डावर कार्ड खोचायचे लांब स्लॉट तीन-चार दिसतात, पण त्यातला एकच खरा. बाकीच्यांचं तोंड मोठं, आत तारा अर्ध्याच. माहिती जायच्या वाटांना लेन म्हणतात, आणि त्या प्रोसेसरकडून मोजूनमापून येतात. चार कार्डांना पुरतील एवढ्या लेन देणारे बोर्ड वेगळे, मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर-खोल्यांतून निवृत्त होऊन बाजारात आलेले. त्यातही आणखी एक अडचण. ही कार्डं जाडजूड. स्लॉट जवळजवळ असले की एकाच्या पंख्याला दुसऱ्याची पाठ लागते. एकाने सोडलेली गरम हवा दुसरं ओढतं, आणि मग सगळे पंखे जीव खाऊन फिरतात. स्लॉट एकमेकांपासून लांब असले तर यंत्र शांत राहतं, पण तसल्या बोर्डावर दोन कार्डं अर्धपोटी राहणार.

जवळ की लांब, यावर माझे आठवडे गेले. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी कार्डांच्या आकाराचे तुकडे केले होते आणि जेवणाच्या टेबलावर ते उभे करून मधलं अंतर पट्टीने मोजायचो. राधिका, माझी बायको, ताटं घेऊन उभी राहायची. "अहो, तुमचा संसार जरा बाजूला घ्या, आम्हाला जेवायचंय." ईरा, आमची मुलगी, इथेच वाढलेली, मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. "पापा, आप बोर्ड चुनते रहो, मेरे बोर्ड के एग्ज़ाम निकल जाएँगे." एकदा आईने तिला विचारलं, हा एवढं काय शोधतो? ईरा म्हणाली, "मदरबोर्ड, आजी. मदर मतलब आई."

"म्हणजे आवस?" आई म्हणाली. "मगे ही नवी आवस कधी येतली घरात?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, आणि हसता हसता स्क्रीनकडे वळलो.

आईच्या आवाजाबद्दल लिहायला हवं. आमच्या वाडीत घरं लांब लांब, मध्ये बागा आणि व्हाळ, म्हणजे ओढे. माणसं एकमेकांना बोलावतात ती कुकारो घालून. तळव्याचा आडोसा करून 'कूऽऽ' अशी लांबलचक हाक, शेवटाला वर चढणारी. प्रत्येकाचा कुकारो वेगळा. आईचा व्हाळापलीकडे जायचा. आम्ही पोरं कुठेही असलो तरी ती हाक आली की खेळ तिथेच टाकून पळत सुटायचो. थांबायचा प्रश्नच नव्हता. हाक आली म्हणजे जायचं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

चंदीगडला आल्यावर तिने एकदाच कुकारो घातला. आम्ही एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. पुढे गेलेल्या भाजीवाल्याला थांबवायला तिने गच्चीवरून हाक घातली, तर खालच्या घरमालकीण आंटीजी चुन्नी सावरत धावत बाहेर आल्या. "हाय रब्बा, की होया? माताजी ठीक ने?" मी खाली जाऊन माफी मागितली. त्यांना वाईट वाटलं नव्हतं, त्या घाबरल्या होत्या एवढंच. वर येऊन मी आईला म्हणालो, "आई, इथे असं ओरडत नाहीत." ती म्हणाली, "बरा." नंतर तिच्या हाका घराच्या भिंतींपुरत्या झाल्या.

आणि त्या हिवाळ्यात तिने अशा भिंतीपुरत्या कितीतरी हाका मारल्या. बाबू, ह्या बटण खंयचा? बाबू, टीव्हीचा आवाज गेलो बघ. बाबू, जरा ये रे. मी दर वेळी म्हणायचो, "आलो आई, एक मिनिट." तेव्हा मी कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ बघत असायचो, ज्याने माझीच कार्डं दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिली होती. ते मिनिट संपायचं तेव्हा आईचं काम तिने स्वतः करून टाकलेलं असायचं, किंवा राधिकाने, किंवा ते राहून गेलेलं असायचं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच वाटायचं की मी एका मिनिटात उठणार आहे.

हाका कधी कमी झाल्या ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं की मधले काही आठवडे माझं काम फार चांगलं चाललं. घरात शांतता होती. मी राधिकेला म्हणालोही, आई आता इथे रुळली.

शेवटी मी जवळच्या स्लॉटांचा बोर्ड घेतला. चारही कार्डांना पोटभर मिळेल, आवाज होईल तर होईल. तो आला संक्रांतीच्या आगेमागे. आईच्या खोलीशेजारी एक लहान खोली आहे, दोन्हींच्या मध्ये बाथरूम. त्या लहान खोलीत उघड्या सांगाड्यावर मी यंत्र मांडलं. पहिल्यांदा एकच कार्ड लावून तपासत होतो तेव्हा आई शाल गुंडाळून आली आणि सांगाड्यापुढे मोड्यावर, वेताच्या बैठ्या स्टुलावर, बसली. तळवे पुढे केले, शेकोटीपुढे करतात तसे.

"गरम हा. बरा वाटता," ती म्हणाली.

तिची बोटं थंडीने निळसर दिसत होती. इथल्या थंडीला तिने कधी तोंड दिलं नव्हतं. आमच्याकडे पौषात एक गोधडी पुरते. मला तिची शाल दिसली, शालीचे सुटलेले दोरे दिसले आणि उघडे पंखे दिसले. मी म्हटलं, "आई, दोरा अडकेल गं त्यात. तू तुझ्या खोलीत बस बघू, हीटर लावून." ती उठली. मोडाही आपणच उचलून घेऊन गेली. तो चित्रासारखा प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे सगळ्यात जास्त येतो, पुढच्यापेक्षाही जास्त. तिने काही मागितलं नव्हतं. ती नुसती शेकत होती.

त्यानंतर काही दिवसांनी एकदा सकाळभर धुकं होतं. राधिका ईराला घेऊन क्लासला गेली होती. मी पहिल्यांदा चारही कार्डं एकदम लावली होती. यंत्र सुरू केलं की स्क्रीनवर तीन दिसायची, चौथं दिसायचं नाही. मी केबल बदलत होतो, सेटिंग बदलत होतो, पुन्हा सुरू करत होतो. पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा चढायचा, उतरायचा. आणि मग चार दिसली. एकाखाली एक, चार ओळी. मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही; कित्येक महिन्यांत मला स्वतःबद्दल इतकं बरं वाटलं नव्हतं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. घरात आईच होती. मी "आई, चारही दिसली!" असं म्हणत बाहेर आलो.

ती बाथरूममध्ये जमिनीवर होती. दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. पाठ भिंतीला, एक पाय नको तसा वळलेला. तिने साडी गुडघ्यांवरून नीट ओढून घेतली होती. शुद्धीत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा काम झाला?"

तिला धरताना माझा हात बादलीत गेला. आंघोळीसाठी काढलेलं पाणी. राधिका सासूसाठी पाणी नेहमी कढत काढून ठेवायची, आई त्यात विसण घालायची. ते पाणी गार झालं होतं. नळाच्या पाण्यासारखं गार.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वय बघता चांगलं झालं. ती घरी आली, पण तिचं चालणं परत आलं नाही. बिछान्यावरून खुर्चीत, खुर्चीतून बिछान्यावर, तेही धरून. मी तिला एकदाच विचारलं, हॉस्पिटलात, की तू हाक मारलीस का?

"मी हाक मारूक नाय," ती म्हणाली.

मला ते खरं वाटलं नाही. आई मुलाला वाचवते, एवढं गृहीत धरून मी चाललो होतो. तिने हाका मारल्या असणार, माझ्या गिरणीत त्या दळल्या गेल्या असणार, आणि मला बोचू नये म्हणून ती नाही म्हणते आहे. हा विचार भयंकर होता, पण त्यात बसायला जागा होती. दोष आवाजाचा होता, आवाज पंख्यांचा, पंखे स्लॉटांच्या अंतरामुळे. मी चुकीचा बोर्ड निवडला होता. चुकीचा बोर्ड निवडलेला माणूस म्हणून मी जगू शकलो असतो.

ती घरी यायच्या आधी मी तपासून बघायचं ठरवलं. राधिकेला म्हटलं, तू बाथरूममध्ये जा, दार लोट, आणि मला हाक मार. मी लहान खोलीत जाऊन चारही कार्डांवर पूर्ण जोर लावला. पंखे चढले. मी त्या दिवशीसारखा टेबलावर वाकून बसलो आणि मनापासून इच्छा केली की काही ऐकू येऊ नये.

"अहो," राधिका म्हणाली.

अगदी बोलण्यातल्या आवाजात. मला ऐकू आलं.

"अहो, ऐकू येतंय का?" आणि मग, बहुतेक तिच्या मनात ती सकाळ आली असावी, ती हळूच म्हणाली, "आई गं." तेही आलं. भिंत पातळ, दोन्हीकडे टाइल्स; माणसाचा आवाज त्या घरघरीच्या वरून, स्वच्छ, वेगळा, असा येत होता.

राधिका बाहेर आली. "आलं का?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही आलं."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग तुमची काय चूक? तुम्हाला कळणार कसं?" ईराने त्याच संध्याकाळी सांगितलं, "पापा, इस मशीन को निकालो घर से." मी यंत्र उतरवलं. कार्डं विकली. घरात अजून सगळे त्या पंख्यांना दोष देतात, आणि मी देऊ देतो. राधिका हे वाचेल तेव्हा तिला कळेल की त्या दिवशी मी तिच्याशी खोटं बोललो. तोंडाने सांगायचा प्रयत्न केला होता, जमला नाही.

आई खरं बोलली होती. तिने हाक मारलीच नव्हती. हाकेने व्हाळापलीकडची पोरं खेचून आणणारी बाई, मोडलेलं हाड घेऊन, गार होत जाणाऱ्या पाण्याशेजारी, माझं काम संपायची वाट बघत बसली होती. भिंतीपलीकडे मी होतो, हाकेच्या अंतरावर. मी पट्टीने मोजत होतो ती अंतरं वेगळीच होती.

नोकरी अजून आहे. दुपारच्या जेवणाला नवी मुलं असायची, त्यातली काही आता नाहीत. त्यांचंच काम यंत्रांनी आधी घेतलं. यावर हसायचं की काय करायचं ते मला कळत नाही.

या वर्षी मी आठवड्यातले काही दिवस घरून काम करतो. जेवणाचं टेबल आईच्या दाराशी आणून लावलं आहे. दार उघडं असतं. घरात एकही पंखा फिरत नाही. ती कूस बदलते ते मला ऐकू येतं, तिच्या बांगड्या पलंगाला लागतात तेही ऐकू येतं. कॉल चालू असला तरी माझा एक कान तिकडे असतो. मी वाट बघतो आहे. तिने मला काहीही सांगावं, पाणी, उशी, बटण. ती सांगत नाही. राधिकेला ती हाक मारते, ईराला मारते, सकाळी येणाऱ्या कामवालीलाही "बिमला" म्हणून हाक मारते, हिंदी येत नसताना.

काल राधिका हळदीकुंकवाला गेली होती, लष्करातल्या एका मराठी बाईंकडे. ईरा कॉलेजात. बाहेर धुकं होतं. मी दारात बसून काम करत होतो, आणि आतून काही आवाज नव्हता, म्हणून मला वाटलं झोपली आहे. चहा घेऊन आत गेलो तर डोळे उघडे होते. गोधडी सरळ करायला हात घातला आणि खालची चादर ओली लागली. ओली आणि गार. थोड्या वेळापूर्वीची नव्हती ती.

"आई, मी इथेच होतो गं. दारात. हाक का नाही मारलीस?"

माझा आवाज चढला असावा. तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी काहीतरी अगदी साधं विचारलं होतं आणि मला ते कसं कळत नाही याचं तिला नवल वाटत होतं.

"राधिका खंय होती घरात?" ती म्हणाली. "तूच होतंस."

आणि मला चादर ओढायला सोपं जावं म्हणून, तिने पलंगाची कड धरून आपलं मोडलेलं अंग उचलायला सुरुवात केली.